घड्याळवाल्याचं शेत

त्या भागात शेताला नाव पडायची रीतच निराळी. शेत आज ज्याचं आहे, त्याच्या नावानं ते कुणी ओळखायचं नाही. त्याच्या आधी ज्याचं होतं, त्याचं नाव चालायचं. तळ्यापलीकडचं 'सुताराचं शेत' दातांच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. 'मास्तरांच्या शेता'चा मालक सही करताना जीभ बाहेर काढायचा. बाहेरून आलेला माणूस पत्ता विचारता विचारता मेटाकुटीला यायचा, आणि त्यानं तक्रार केलीच तर गावातले लोक उलट त्याचीच समजूत घालायचे. आत्ता जो आहे तो तर दिसतोच आहे, त्याला नाव कशाला पाहिजे?

घड्याळवाले या रीतीवर अठरा वर्षं चिडलेले होते. शहरात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं फुटपाथवर थांबायचं एवढं. मग लोकांच्या खिशात फोन आले, मनगटं मोकळी झाली, आणि घड्याळवाल्यांनी दुकान विकून हे शेत घेतलं. विकणारा गवंडी होता, त्यामुळे शेत झालं गवंड्याचं. घड्याळवाल्यांनी विहीर खोल केली, गोठा बांधला, खालच्या तुकड्यातले दगड दोन उन्हाळे वेचले. शेत गवंड्याचंच राहिलं. शेवटी त्यांनी फाटकावर पत्र्याची पाटी लावली. तबकडीवरचे आकडे काढावेत तशी नेटकी अक्षरं, स्वतःच्या हातानं रंगवलेली. लोकांनी थांबून पाटी वाचली, छान झालीय म्हणाले, आणि गावात जाऊन सांगितलं, "गवंड्याच्या शेतावर पाटी लागली बरं का."

"त्या गवंड्यानं असं केलं तरी काय इथं?" ते बायकोला विचारायचे. "स्वयंपाकघराची भिंत तरी सरळ बांधायची होती. गवंडी म्हणे!"

"तुम्ही भिंतीकडे बघू नका, ताटाकडे बघा," बायको म्हणायची.

जाताना गवंडी एक गोष्ट सांगून गेला होता, आणि ती घड्याळवाल्यांच्या डोक्यात रुतून बसली होती. गवंडी या शेतात बावीस वर्षं राहिला, तेव्हा ते न्हाव्याचं शेत होतं. "सौद्याचा कागद करून आलो," गवंडी म्हणाला होता, "आणि काडेपेटी घ्यायला दुकानात गेलो. तर दुकानदार विचारतो, गवंड्याच्या शेतावर कोण येतंय राहायला? बावीस वर्षं हे ऐकायला कान आसुसले होते हो माझे. आणि ऐकलं कधी, तर माझी खाट गाडीवर चढली तेव्हा."

त्या दिवशी घड्याळवाले पोट धरून हसले होते. आपण नवे आहोत, आपल्याला काय त्याचं, असं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ते शिडीवरून पडले आणि खुबा मोडला. हाड जुळलं, पण पाय पूर्वीसारखा राहिला नाही. तेव्हापासून काठी आली आणि पडवीतली खुर्ची आली. चार गायींचं दूध काढणं, चारा, बटाट्याची लावणी, वाटाण्याची तोडणी, सगळं बायको दोन गडीमाणसांना हाताशी धरून करायची. घड्याळवाले देखरेख करायचे. देखरेख म्हणजे खुर्चीत बसून, बायको जे करतेय ते कसं चुकतंय हे तिला ओरडून सांगायचं. ती ऐकून घ्यायची आणि आपल्याला हवं तेच करायची.

अशाच एका सकाळी सात वाजता डेअरीची गाडी फाटकाशी थांबली. जुना ड्रायव्हर काम सोडून गेला होता. नवा उतरला तो हातात यादी घेऊन. जाडजूड, टकलाचा, गावाला उठवील एवढ्या आवाजाचा.

"घड्याळवाल्याचं शेत हेच ना?"

बायको कॅन घेऊन फाटकाकडे निघाली होती. तिनं कॅन खाली ठेवला. ड्रायव्हरकडे बघायच्या आधी तिनं वळून पडवीकडे बघितलं, आणि मग भराभर चालत त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलली. ड्रायव्हरनं जीभ चावली.

"हां हां! गवंड्याचं!" तो पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. "गवंड्याचं शेत! माझंच चुकलं वाचायला."

घड्याळवाल्यांचा पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता, खोटं कशाला सांगा. अठरा वर्षांनी कुणीतरी त्यांच्या शेताला त्यांचं नाव दिलं होतं. ते खुर्चीत ताठ झाले, मिशीवरून हातही फिरवला. दुसऱ्या क्षणी त्यांना गाडीवर चढलेली गवंड्याची खाट आठवली आणि मिशीवरचा हात तिथंच थांबला.

बायको परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणत होता गं तो?"

"काही नाही. कॅनच्या झाकणाचं," ती म्हणाली आणि आत गेली.

झाकणाचं! घड्याळवाल्यांचा पाय अधू झाला होता, कान नव्हे. ज्या कानांनी चाळीस वर्षं घड्याळाची टिकटिक ऐकून आतलं कोणतं चाक घासतंय ते ओळखलं, त्या कानांना बायको झाकणाची गोष्ट सांगत होती. इथं शेताला माणसाचं नाव पडतं ते माणूस शेत सोडतो तेव्हा. आपण तर कुठे गेलेलो नाही. मग आपल्याला न विचारता हे शेत कुणी कुणाला दिलं?

घड्याळ बंद पडलं की लगेच उघडायचं नाही, आधी बाहेरून हलवून, कानाला लावून बघायचं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. तो त्यांनी घरात लावला. बायकोला एक अक्षर विचारलं नाही. नुसते बघत आणि ऐकत राहिले. आणि एकदा माणूस असा बघायला लागला, की त्याला काही ना काही दिसतंच.

पहिलं म्हणजे जावई. शहरात छापखान्यात कामाला असलेला हा शांत माणूस वर्षातून दोनदा यायचा, तोही लेकीनं ओढून आणला तर. तो लागोपाठ दोन शनिवार एकटा आला होता. लेक का नाही आली विचारलं, तर तिला बरं नाही म्हणाला. दोन्ही वेळा बायको चांगले कपडे घालून त्याच्या गाडीत बसून गेली होती. "तालुक्याला जाऊन येते, दुभत्या गाईचं औषध बघायचंय," असं सांगितलं होतं. गाई मात्र चारी ठणठणीत होत्या.

दुसरं, फोन. बायको पूर्वी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर बोलायची, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं. आता गोठ्यामागे जायची. गुरुवारी दुपारी घड्याळवाले काठी न टेकता, भिंतीला धरत धरत गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. त्यांच्या कानावर एवढंच पडलं: "नाही, त्यांना कळता कामा नये. मनाला लावून घेतील. शनिवारी एकदा ते उरकलं की सुटले मी."

सुटले मी! चाळीस वर्षांच्या संसारातली बाई कशातून सुटणार होती?

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट निघाली. शेताचे कागद निळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत असायचे. पेटीची किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागच्या खिळ्याला. शुक्रवारी बायको वाटाण्याच्या तुकड्यात असताना त्यांनी घड्याळामागे हात घातला. किल्ली होती, पण दात उजवीकडे करून टांगलेली. घड्याळवाले ती नेहमी दात डावीकडे करून टांगायचे. पेटी ओढून उघडायला त्यांना पाव तास लागला, खुब्यातून कळा आल्या. आत जुने कपडे होते, लेकीच्या लहानपणीची खेळणी होती, दुकानातलं भिंग होतं. निळं पाकीट नव्हतं. पेटीच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पाकिटाच्या आकाराची तेवढी जागा पिवळी पडायची राहिली होती.

आता शंकेला जागा कुठे उरली? बायको आणि जावई मिळून शेत विकत होते. शनिवारी सही. गावाला सगळं ठाऊक होतं, नेहमीप्रमाणे. त्या टकल्या ड्रायव्हरच्या यादीत नावसुद्धा चढलं होतं. घड्याळवाल्यांना राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. खुबा मोडलेला म्हातारा शहरात लेकीच्या दोन खोल्यांत कुठे मावणार? तिथं पडवी नाही. तिथं कुणावर देखरेख करायची?

शनिवारी सकाळी जावयाची गाडी आली. बायको पुन्हा चांगल्या कपड्यांत. तिच्या पिशवीतून निळ्या प्लास्टिकचा कोपरा डोकावत होता, आणि घड्याळवाल्यांनी तो बघितला.

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "दुपारपर्यंत येतेच."

"सावकाश ये," घड्याळवाले म्हणाले. हे बोलणं इतकं गोड होतं की जावयानं वळून त्यांच्याकडे बघितलं.

गाडी वळणाआड गेली तसे ते उठले. गावातलं दुकान धडधाकट माणसाला दहा मिनिटांवर होतं. त्यांना तास लागला. वाटेत दोनदा ते दगडावर बसले आणि दोन्ही वेळा परत फिरावं असं वाटलं. पण घेणारा कोण हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

दुकानात तिघं-चौघं गप्पा मारत होते. काठीचा आवाज आला आणि गप्पा टपकन थांबल्या.

"या या, काका!" दुकानदार म्हणाला. "इतक्या दिवसांनी! काय म्हणतंय गवंड्याचं शेत?"

"गवंड्याच्या शेतात यंदा वाटाणा चांगला आलाय म्हणे," दुसरा म्हणाला.

"गवंड्याच्या शेताची मातीच चांगली," तिसऱ्यानं भर घातली. चौथ्याला काही सुचेना, तर तो नुसताच "गवंड्याचं!" म्हणाला.

एवढ्या वेळा त्या गवंड्याचं नाव गवंड्याच्या आईनं घेतलं नसेल. घड्याळवाले कुणालाही उत्तर न देता दुकानभर नजर फिरवत होते. गल्ल्याजवळ बियाण्याचं एक खोकं होतं, त्यावर खडूनं काहीतरी लिहिलेलं. 'घड्या' एवढी अक्षरं दिसली, तोवर दुकानदारानं पायानं खोकं भिंतीकडे फिरवलं. फिरवताना तो आभाळाकडे बघत होता.

"पाऊसपाणी बरं आहे ना तिकडे?" दुकानदारानं विचारलं.

"तुमच्यापेक्षा बरं," घड्याळवाले म्हणाले आणि तिथून बाहेर पडले. इथं कुणी ताकास तूर लागू देणार नव्हतं.

शेजारीच टपाल कचेरी होती. एकच खोली, एकच खिडकी, एकच पोस्टमन. या पोस्टमननं तीस वर्षं भागातली पत्रं वाटली होती आणि सहा महिन्यांत तो निवृत्त होणार होता. भिंतीला लाकडी खण होते, प्रत्येक शेताला एक, खणावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. सुतार. मास्तर. न्हाव्याचा खण केव्हाच बदलला होता, हे घड्याळवाल्यांना माहीत होतं. गवंडी हा खण खालून दुसऱ्या ओळीत असायचा. ते वाकून बघायला लागले, तर पोस्टमन घाईघाईनं त्या खणापुढे येऊन उभा राहिला.

"बाजूला व्हा," घड्याळवाले म्हणाले.

"काका, तुमचं आज काही आलेलं नाही."

"बाजूला व्हा म्हटलं ना!"

पोस्टमन बाजूला झाला. खणावर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं: घड्याळवाला.

घड्याळवाल्यांनी नाक लावून ती चिठ्ठी बघितली. तिथंच त्यांचा सगळा हिशेब चुकला. चिठ्ठी नवी नव्हती. कोपरे वळले होते आणि शाईचा काळा रंग उडून विटकरी झाला होता.

"ही कालपरवाची नाही," ते म्हणाले. "या शाईनं दोन वर्षांचं ऊन खाल्लंय. मला शिकवू नका, तबकड्या बघण्यात जन्म गेलाय. दोन वर्षांपासून विकतायत माझं शेत? कुणाला?"

"विकतायत?" पोस्टमननं चष्मा कपाळावर चढवला. "कोण विकतंय?"

"मग ते नाव कसं पडलं? इथं नाव कधी पडतं ते काय मला ठाऊक नाही? आता शेत कुणाचं आहे ते सांगा, म्हणजे झालं."

पोस्टमननं स्टूल पुढे सरकवलं. घड्याळवाले बसले, कारण पायांनी आणखी उभं राहायला नकार दिला होता. पोस्टमन दाराकडे बघून आला आणि म्हणाला, "काकूंचं."

"कोणत्या काकूंचं?"

"आमच्या काकूंचं हो. तुमच्या घरच्या." पोस्टमनला फार अवघडल्यासारखं झालं होतं. "कुणी विकलं नाही, कुणी घेतलं नाही. तुम्ही पडलात, काकूंनी सगळं हातात घेतलं. दूध त्या घालतात, बियाणं त्या निवडतात, बांधावरून भांडायचं झालं तर लोक त्यांच्याशी भांडतात. मग हळूहळू लोकांच्या तोंडी बसलं. शेत आता काकूंचं. मग आधी कुणाचं होतं? तुमचं. म्हणून घड्याळवाल्याचं."

"अहो पण मी जिवंत आहे!"

"आहात की. न्हावीसुद्धा नंतर कितीतरी वर्षं जिवंत होता."

एवढं साधं असेल असं घड्याळवाल्यांना वाटलं नव्हतं, आणि ते इतकं लागेल असंही वाटलं नव्हतं. त्यांना कुणी शेतातून हाकललं नव्हतं. ते स्वतःच दोन वर्षांपूर्वी खुर्चीत जाऊन बसले होते, आणि गावानं त्याची नुसती नोंद घेतली होती.

"मग तोंडावर ते गवंडी गवंडी काय लावलंय सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"काकूंची ताकीद." पोस्टमन आता सगळं ओकून मोकळा व्हायच्या तयारीत होता. "हे नाव त्यांच्या कानावर आलं त्याच दिवशी त्या आल्या इथे. मग दुकानात गेल्या, दवाखान्यात गेल्या, डेअरीत गेल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांना या नावाची केवढी हौस आहे तुम्हाला माहितीये. ते त्यांना असं मिळालंय, हे त्यांना कळता कामा नये. त्यांच्यापुढे गवंड्याचंच म्हणायचं. काका, दोन वर्षं अख्खं गाव जिभेला गाठ मारून बसलंय. तो नवा ड्रायव्हर पचकला. त्याला कुणी सांगायचंच राहिलं."

परत येताना घड्याळवाले कुठे बसले नाहीत. खुबा ठणकत होता, पण डोकं त्याहून जास्त. गाव काहीतरी लपवतंय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. शिवाय संशय अर्धाच फिटला होता. निळं पाकीट गेलं होतं, हे खरंच होतं. 'सुटले मी' हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शेत जर सगळ्यांच्या तोंडी तिचंच झालं असेल, तर ते विकायचं कसं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

गाडी फाटकात उभी होती. ते सरळ स्वयंपाकघरात गेले. त्या वाकड्या भिंतीशी टेबलावर बायको आणि जावई बसले होते, मध्ये निळं पाकीट उघडं पडलेलं. त्यांना बघून बायको उठली.

"कुठे गेला होतात? मी अख्खं शेत पालथं घातलं! पाय बघा केवढा सुजलाय."

"पाय राहू दे. झाली सही?" घड्याळवाल्यांनी काठीनं पाकिटाकडे दाखवलं. "केवढ्याला दिलंस? आणि मला कधी सांगणार होतीस? माझी खाट गाडीवर चढल्यावर?"

बायकोला काही कळेना. जावयाला आधी कळलं. त्यानं टेबलावरचा एक कागद उचलून सासऱ्यांच्या हातात दिला. डेअरीचा कागद होता, खाली गोल शिक्का. दूध घालणाऱ्याचं नाव, म्हणून लिहिलं होतं, आणि पुढे घड्याळवाल्यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"डेअरीनं यादी नवी केली, बाबा," जावई म्हणाला. "तुमचं नाव काढून आईंचं घालत होते. दोन वर्षं तुम्ही सहीला गेला नाहीत, म्हणून. आई म्हणाल्या, नाव ह्यांचंच राहील. पहिल्या शनिवारी साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, शेत त्यांचं आहे याचे मूळ कागद आणा. आज आई साहेबांच्या टेबलावर हात आपटून बोलल्या, तेव्हा कुठे शिक्का बसला."

घड्याळवाल्यांनी कागद पुन्हा वाचला. पेटीतून कागद गेले होते ते शेत त्यांचं आहे हे सिद्ध करायला, आणि ते इकडे बायकोच्या मागे भिंतीला धरून चोरपावलांनी फिरत होते.

"मला वाटलं तू शेत विकलंस," ते म्हणाले.

बायकोचा चेहरा आधी नुसता कोरा झाला. मग लाल झाला. "विकून मी कुठे जाणार होते हो?" ती म्हणाली. "पहाटे चारला उठते ती काय गंमत म्हणून? चाळीस वर्षांत एवढंच ओळखलंत मला?" ती बादली उचलून गोठ्यात गेली. जाताना दार आपटलं आणि वाकड्या भिंतीवरची मातीची खपली खाली पडली.

"चहा टाकू का, बाबा?" जावयानं विचारलं.

"टाक," घड्याळवाले म्हणाले. त्यांना इतकी लाज यापूर्वी एकदाच वाटली होती, एका गिऱ्हाइकाचं घड्याळ चोरलं म्हणून शिकाऊ कारागिराला हाकलल्यावर ते घड्याळ त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडलं होतं तेव्हा.

संध्याकाळी बायकोनं ताट आदळूनच पुढ्यात ठेवलं. घड्याळवाल्यांनी तिला पोस्टमनकडचं सगळं सांगितलं, खणावरच्या चिठ्ठीसकट. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "त्या ड्रायव्हरला मी त्याच वेळी झापायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सातला गाडी आली. ड्रायव्हरला बहुतेक गावानंही फैलावर घेतलं होतं, कारण तो पडवीकडे तोंड करून, एकेक अक्षर फोडून ओरडला, "गवंड्याच्या शेतातले कॅन!"

घड्याळवाले खुर्चीतून उठले. काठी टेकत अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले. बायको कॅन हातात धरून बघत राहिली.

"गवंडी वगैरे बंद आता," ते ड्रायव्हरला म्हणाले. "यादीत काय लिहिलंय?"

ड्रायव्हरनं भीत भीत यादी पुढे केली. "घड्याळवाला. पण मला सांगितलंय की..."

"लिहिलंय तेच वाचायचं. घड्याळवाल्याचं शेत."

"घड्याळवाले तुम्हीच ना?"

"मी आधीचा मालक. आत्ताच्या मालकीणबाई त्या." त्यांनी काठीनं बायकोकडे दाखवलं.

"मग आधीच्या मालकांनी झाकणं तरी धुवून ठेवावीत," बायको म्हणाली. आवाजात राग होता, पण कालच्याएवढा नव्हता. ती दुसरा कॅन आणायला गोठ्याकडे वळली.

घड्याळवाले तिच्याकडे बघत उभे राहिले. कॅनच्या वजनानं ती एका बाजूला कलून चालायची, खांदा उतरलेला, हे पडवीतून त्यांना कधी दिसलं नव्हतं. त्या शेतात दिवसरात्र राबणाऱ्या बाईचं नाव शेताला नव्हतं, आणि या भागाच्या रीतीप्रमाणे ते कधी लागणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. काकूंचं शेत. त्यांनी ते मनात एकदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा म्हणवेना.

ती गोठ्यात शिरल्याची खात्री करून त्यांनी ड्रायव्हरची बाही धरली.

"एक लक्षात ठेवा," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढेमागे या शेताला काकूंचं नाव पडलं, आणि मी इथं असलो, तर माझ्यापुढे ते म्हणायचं नाही. घड्याळवाल्याचंच म्हणायचं. दुकानातही सांगून ठेवा. पोस्टमनलाही."

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं असावं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला. "सांगतो, काका."

बायको दुसरा कॅन घेऊन आली आणि तिनं तो गाडीत चढवला. गाडी निघून गेल्यावर तिनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं.

"काय कुजबुजत होतात त्याच्याशी?"

"काही नाही," घड्याळवाले म्हणाले. "कॅनच्या झाकणाचं."